आधी पाटे, मग सायलेन्सर : पिकअपचं काम कोणत्या क्रमानं करावं

प्रश्न थोडक्यात असा: खानापूर तालुक्यातली २०१७ ची इसुझु व्ही-क्रॉस, २.५ लिटर डिझेल, बीएस-४ (धुराचं जुनं मानक). जांबोटी भागात शेत, चोर्ला घाटातून गोव्याच्या खेपा, हौद्यात कायम दीड-दोनशे किलो सामान. पुढं लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) बसवायचं मनात आहे. ३ इंचाचा सरळ (सायलेन्सर नसलेला) धुराचा पाइप आणि ३ इंचाची लिफ्ट (गाडीची उंची वाढवणं) एकदमच करून घ्यावी का, आणि आधी काय?

दोन्हीकडचे ३ इंच सोडून द्या. उंची ४० ते ५० मिमी, पाइप बदलायचाच तर अडीच इंच. आधी सस्पेन्शन पुरं करायचं, गाडी बसू द्यायची आणि मग सायलेन्सरला हात घालायचा. कारण साधं आहे: धुराचा पाइप मागच्या एक्सलला वळसा घालून जातो. पाटे (मागच्या लीफ स्प्रिंगा) बदलले की एक्सल किती वर येतो आणि किती खाली लोंबतो हेच बदलतं. जुन्या उंचीवर वाकवलेला पाइप नव्या पाट्यांवर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात एक्सलवर आपटतो किंवा शॉकअपला घासतो. मग पाइप टांगणाऱ्या हॅन्गरचं रबर फाटतं आणि वेल्डला चीर जाते. दोष मात्र वेल्डरच्या नावावर लागतो.

लिफ्टबद्दल विचारणारे सगळे किती इंच एवढंच विचारतात. स्प्रिंग ठरते वजनावरून, इंच नंतर येतात. आपल्या भागात उसामुळं वजनकाट्यांची कमी नाही, त्याचा फायदा घ्या. टाकी भरून, रोजचं सामान हौद्यात ठेवून गाडी काट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी, मग फक्त मागची चाकं. हे मोठे काटे ५ किंवा १० किलोच्या टप्प्यानं दाखवतात, तेवढं पुरतं. आरसीवरचं भरलेल्या गाडीचं एकूण वजन बाजूला लिहून ठेवा. दणकट पाटे घातले म्हणून तो आकडा वाढत नाही. ब्रेक, हब आणि चासी तीच राहते.

बंपर आणि विंचचा हिशेब बहुतेक जण चुकवतात. समजा बंपर ५० किलो, विंच ३५ किलो, मिळून ८५. हे वजन पुढच्या एक्सलच्या साधारण ८० सेंमी पुढं लटकणार. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस ३,०९५ मिमी आहे. म्हणजे पुढच्या एक्सलवर ८५ × (३,०९५ + ८००) ÷ ३,०९५, जवळपास १०७ किलो वाढतात आणि मागचा एक्सल २२ किलोनं हलका होतो. स्टीलच्या दोराऐवजी सिंथेटिक दोर घेतला की त्यातले काही किलो वाचतात, आणि ते नेमके सगळ्यात पुढचे असतात. म्हणून बंपर-विंच नक्की करायचं असेल तर आधी ते बसवा, मग पुढच्या स्प्रिंगचा दर (ती एक मिमी दाबायला किती जोर लागतो) निवडा. उलट केलंत तर स्प्रिंग दोनदा विकत घ्याल.

मागं पाट्यांचं गणितही असंच. एका बाजूच्या पाट्यांचा दर ३५ न्यूटन प्रति मिमी धरू. हौद्यात एक्सलच्या बरोबर वर २०० किलो ठेवले तर प्रत्येक बाजूला १०० किलो, म्हणजे ९८० न्यूटन. गाडी २८ मिमी बसते. तयार पाट्यांचे सेट कायमच्या वजनाप्रमाणं विकले जातात: रिकामी, दोनशेच्या आसपास, चारशेच्या आसपास. तुम्हाला मधला. पुढंमागं लागतील म्हणून चारशेचा घेऊ नका. रिकाम्या गाडीत तो वाकतच नाही, मागचं चाक रस्त्यावर टिकत नाही, आणि कणकुंबीच्या पुढं ओल्या वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर पळतो. हंगामात चार-सहा दिवस जास्त माल न्यायचा असेल तर हळू चालवा किंवा दोन खेपा करा.

पाटेवाल्याकडे जुन्या पाट्यांना हातोड्यानं कमान मारून घेण्याची पद्धत आहे. स्वस्तात उंची मिळते, पण नीट उष्णता-प्रक्रिया झाली नाही तर पाटा काही महिन्यांत परत बसतो, आणि हातोड्याच्या खुणांपासून चिरा सुरू होतात. एकच आखूड पाटा वाढवणं त्याहून बरं, तरी त्याचं टोक जिथं संपतं तिथं वरच्या पाट्यावर सगळा ताण गोळा होतो आणि तो तिथंच मोडतो. वाढवायचाच असेल तर लांब, टोकाला निमुळता केलेला पाटा घ्या. पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालून उंची वाढवणं तर आणखी सोपं. पण ठोकळा जितका उंच तितका जोर लावताना एक्सल पिळतो, पाटे इंग्रजी एस आकारात वाकतात आणि चढावर गाडी थडथडते. २५ मिमीच्या वर ठोकळा नको, एकावर एक दोन तर कधीच नकोत.

पुढच्या बाजूला डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग आहे. इथं बाजारात सगळ्यात जास्त खपणारी चीज म्हणजे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीच्या) डोक्यावरचा स्पेसर (जाड चकती), आणि बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही लेथवर तो अर्ध्या दिवसात कातून मिळतो. गिऱ्हाईक २५ मिमीचा स्पेसर मागतं आणि गाडी २५ मिमी उचलेल असं समजतं. तसं होत नाही. स्ट्रट खालच्या आर्मच्या मध्याजवळ बसतो, चाक आर्मच्या टोकाला. स्ट्रट जितका लांब होतो त्याच्या दीड ते दोन पट चाक खाली जातं. २५ चा स्पेसर चाकाला ४० ते ५० मिमी देतो. ५० चा घातला तर चाक जवळजवळ ९० नं खाली: वरचा बॉल जॉइंट शेवटच्या टोकाला अडतो, सीव्ही शाफ्टचा (पुढच्या चाकाला जोर देणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो, त्याच्या रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात. फाटलेल्या बुटातून लाल माती आत गेली की सीव्ही जॉइंट फार काळ टिकत नाही.

शिवाय डोक्यावरच्या स्पेसरनं शॉकअपची चाल वाढत नाही, अख्खा स्ट्रट खाली सरकतो. चाक पूर्ण वर दाबलं की शॉकअप गाडीच्या बंप-स्टॉपच्या (चाक फार वर येऊ न देणाऱ्या रबराच्या) आधीच तळाला टेकू शकतो आणि मग धक्का सील आणि पिस्टन झेलतात. म्हणून स्पेसर नको. योग्य दराची, ४० मिमीनं उंच स्प्रिंग आणि तिच्या लांबीचा शॉकअप घ्या. ५० मिमीच्या पुढं जायचं तर वेगळे वरचे आर्म लागतात आणि पुढचा डिफरन्शियल (दोन चाकांना जोर वाटणारा गिअरचा डबा) खाली घ्यावा लागतो. तुमच्या कामाला तो खर्च गरजेचा नाही.

लिफ्टनं डिफरन्शियलखालची जागा वाढत नाही हेही ध्यानात ठेवा. चासी उचलते, मागचा एक्सल आहे तिथंच राहतो. तो उचलतो फक्त टायर. २४५/७० आर१६ चा व्यास ७४९ मिमी, २६५/७० आर१६ चा ७७७. फरक २८, म्हणजे एक्सलखाली १४ मिमी. बदल्यात स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी दाखवतो आणि पूर्ण वळणावर टायर आतल्या प्लॅस्टिकला लागू शकतो. चिखलात यापेक्षा हवा जास्त काम करते. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय, रानात लाल चिखलात २० ते २२. चिकोडी-रायबागकडच्या काळ्या मातीत मात्र हवा कमी करूनही टायरच्या खाचा भरून जातात. तिथं पाऊस पडल्यावर गाडी न उतरवणं हाच उपाय.

शॉकअप मोनोट्यूब घ्यायचा की ट्विन-ट्यूब? मोनोट्यूब लवकर थंड होतो, लांब खराब रस्त्यावर त्याचा जोर टिकतो. पण त्याची बाहेरची नळी हीच पिस्टनची नळी असते. जांभ्या दगडाचा एक टोला बसून नळीला पोच आला की पिस्टन अडकतो. ट्विन-ट्यूबची बाहेरची नळी चेपली तरी आतली चालू राहते. खानापूरच्या रानवाटांसाठी जाड नळीचा, फोम-सेलचा (आत वायूऐवजी फोम असलेला) ट्विन-ट्यूब मला जास्त पटतो. वेगानं खडखडीत रस्ते कापणाऱ्यांनी मोनोट्यूब घ्यावा. काहीही घ्या, स्प्रिंग आणि शॉकअप एकाच दर्जाचे हवेत. कडक पाट्यांवर मूळचा शॉकअप ठेवला तर तो उसळी आवरू शकत नाही, गतिरोधकावरून गेल्यावर हौदा तीन-तीनदा उडतो.

आता बसवणं. कामाच्या आधी चारही कोपऱ्यांत चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत अंतर मोजून लिहा. जमिनीपासून नको, हवेप्रमाणं ते बदलतं. गाडी चासीखाली स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही. मागं एका वेळी एकच बाजू सोडा, म्हणजे एक्सल जागेवरून फिरत नाही. एक्सल खाली सोडण्याआधी ब्रेकचा होज, एबीएसची वायर आणि डिफरन्शियलची श्वासनळी (आतली हवा ये-जा करणारी नळी) मोकळी करा. होजवर एक्सल लोंबला तर तो आतून फाटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घ्या, जुने ताणून लांब झालेले असतात. पाट्यांचा मधला बोल्ट एक्सलवरच्या भोकात नीट बसला का ते बोटानं चाचपून बघा, मगच यू-बोल्ट आवळा: फुलीच्या क्रमानं, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनं, पाटे बनवणाऱ्यानं दिलेल्या आकड्यावर. १०० किमीनंतर परत, ५०० किमीनंतर परत. हे टाळलं की मधला बोल्ट कापला जातो, एक्सल मागं सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट पुढची आहे. पाट्यांच्या डोळ्यातले, शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्टीचे) आणि पुढच्या आर्मचे रबर बुशवाले बोल्ट चाकं हवेत असताना आवळायचे नाहीत. हातानं लावायचे, गाडी जमिनीवर उतरवायची, दोन्ही टोकांना दाबून हलवायची आणि मग आवळायचे. हवेत आवळलेला बुश त्याच स्थितीत चिकटतो. गाडी खाली आली की रबर कायम पिळलेलं राहतं. लवकर फाटतं, त्याआधी गाडी नको तितकी उंच आणि कडक वाटते. लोक म्हणतात नवे पाटे आहेत, बसतील. ते बसणं नसतं, बुश तुटणं असतं.

काही पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चासीवरच्या एका वाल्वला दांडी जोडलेली असते. हौद्यात माल किती हे त्या दांडीच्या कोनावरून ओळखून तो वाल्व मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. मागची उंची वाढली की भरलेली गाडीसुद्धा त्याला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. खाली वाकून बघा. दांडी असेल तर तिचा ब्रॅकेट जितकी उंची वाढवली तितकाच सरकवा. घाट उतरणाऱ्या गाडीत हे विसरून चालत नाही.

दोन्ही डिफरन्शियलच्या श्वासनळ्या याच वेळी लांब करून बॉनेटखाली किंवा टेललॅम्पच्या मागं उंचावर न्या. तापलेला डिफरन्शियल ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. तेल दुधाळ झालं की समजायचं. पण या तयारीच्या भरवशावर निपाणी-चिकोडी भागात दूधगंगा-वेदगंगेवरचे पुराखाली गेलेले बंधारे ओलांडायला जाऊ नका. वाहत्या पाण्यात गाडी जितकी उंच तितकी ती सुरक्षित, असं काही नसतं.

५०० किमीनंतर अलाइनमेंट करा. उंची वाढली की कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागचा कल) कमी होतो आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भटकतं. टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती) सगळेच लावून देतात; तुम्ही कॅस्टर आणि कॅम्बरचे (चाकाच्या उभ्या कलाचे) आकडे कागदावर मागा आणि कंपनीच्या मर्यादेत आहेत का ते पाहा. हेडलाइटचा झोतही खाली करून घ्या, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यात जाईल.

मग सायलेन्सर. टर्बो डिझेलला टर्बोच्या पुढं उलट दाबाची गरज नसते, हे खरं. पण म्हणून पाइप जितका मोठा तितकी ताकद, हे खरं नाही. २.५ लिटरचं इंजिन, मिनिटाला ३,६०० फेरे, पूर्ण जोर आणि ४०० अंशांच्या आसपासचा धूर धरला तर सेकंदाला साधारण एक तृतीयांश घनमीटर वायू बाहेर पडतो. २ इंचाच्या पाइपात त्याचा वेग १८० मीटर प्रति सेकंदाच्या घरात, अडीच इंचात ११५, तीन इंचात ८०. दोनवरून अडीचवर गेल्यावर घर्षण चांगलंच कमी होतं. त्यापुढं मिळतं ते थोडं आणि पाइपाला जागा मात्र जास्त लागते. इंजिनच्या ट्यूनिंगला हात न लावता नुसत्या पाइपानं मिळणारी वाढ कमीच असते. धूर टर्बोतून जरा मोकळा निघतो, चढावर तापमान थोडं खाली राहतं, एवढ्याच अपेक्षेनं करा. मूळचा पाइप कुठं चेपला नसेल, गंजला नसेल, तर तो ठेवून फक्त मागचा वळसा नव्यानं करून घेतलात तरी चालेल. माझ्या मते तुमच्या गाडीला तेवढंच पुरे.

सरळ पाइपाबद्दल. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोनदा स्फोट होतो. २,००० फेऱ्यांना सेकंदाला ६७. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर निपाणीहून बेळगावला येताना इंजिन याच फेऱ्यांच्या आसपास असतं, आणि ६७ हर्ट्झला केबिनचा पत्रा घुमतो. अर्ध्या तासात डोकं उठतं. हा घुमारा बाजूच्या बंद नळीनं मारायचा म्हटलं तर तापलेल्या वायूत त्या नळीची लांबी १.७ मीटर भरते, ती बसवणार कुठं? म्हणून मधला रेझोनेटर (घुमारा मारणारा डबा) आणि एक मोठा आरपार छिद्रांचा सायलेन्सर, दोन्ही हवेत.

कायद्याची बाजूही बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम १२० प्रमाणं सायलेन्सर सक्तीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाला सोडून बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि आवाज-धुरासाठी कलम १९०(२) वेगळं. उंची आणि टायरचे बदलही याच कलम ५२ खाली येतात, म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर मुख्य रस्ता सोडायलाच वनखात्याची परवानगी लागते.

बहुतेक बीएस-४ डिझेलमध्ये कॅटॅलिस्ट (धूर साफ करणारा डबा) असतो, तो काढायचा नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीवाल्यांनी तर डीपीएफच्या, म्हणजे काजळीच्या फिल्टरच्या, मागचाच तुकडा बदलावा. डीपीएफ, त्याच्या दाबाच्या नळ्या आणि तापमानाचे सेन्सर यांना हात लावू नये. तो फिल्टर स्वतःला जाळून साफ करताना ५५० ते ६५० अंशांवर जातो. अशा वेळी उसाच्या फडात पाचटावर गाडी उभी केली तर पाचट पेटतं. बीएस-४ मध्येसुद्धा टर्बोजवळचा पाइप पाचट पेटवण्याइतका तापतो. फडातून बाहेर पडल्यावर खाली वाकून पाइप आणि पत्र्याच्या मध्ये अडकलेलं पाचट काढायची सवय लावा.

पाइपाचा पत्रा १.५ मिमी, वळणं मॅन्ड्रेलवर (आतून आधार देऊन) केलेली; दाबून वाकवलेल्या वळणात आतला घेर एवढा चेपतो की अडीच इंच घेतल्याचा अर्थ उरत नाही. धातू ४०९ स्टेनलेस. वरून तांबूस गंज धरतो, पण टिकतो. ३०४ चकाकतो, पण तापल्यावर जास्त लांबतो: दोन मीटरचा पाइप ३०० अंशांनी तापला तर १० मिमी, ४०९ चा ७ मिमी. शिवाय ३०४ ला वेल्ड करताना पाइपाच्या आतून आर्गॉन सोडावा लागतो, नाहीतर आत काळी खरबरीत पपडी धरते आणि जोड तिथून तडकतो. वेल्डर आर्गॉन आत सोडणार नसेल तर ३०४ चा पाइप घेऊ नका.

वेल्डिंगआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा, इंजिन ईसीयूचा (संगणकाचा) कनेक्टर काढा, अर्थ क्लॅम्प जोडाच्या जवळ लावा. पाइप आधी फक्त टाक्यांनी जोडा. मग मागचा एक्सल जॅकनं बंप-स्टॉपपर्यंत दाबा, नंतर पूर्ण खाली सोडा, आणि दोन्ही वेळा अंतर मोजा. एक्सल, पाटा आणि प्रोपेलर शाफ्टपासून किमान २५ मिमी, ब्रेकच्या नळ्या, रबर आणि डिझेलच्या टाकीपासून ५० मिमी आणि मध्ये उष्णतारोधक पत्रा. दोन्ही टोकांना जागा दिसली तरच पक्कं वेल्ड. पुढून येणारा पाइप मागच्याच्या आत शिरवा, उलटा नाही. इंजिन हलतं म्हणून टर्बोच्या पाइपानंतर लवचिक बेलो ठेवा. तो वाचवायला पुढचा पहिला हॅन्गर गिअरबॉक्सवर आणि बाकीचे रबरात चासीवर. फ्लँज ८ ते १० मिमी जाडीचा, गॅस्केट नवा, बोल्टांना तांब्याची पेस्ट. सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी ३ मिमीचं एक भोक ठेवा, म्हणजे जवळच्या खेपांत साचलेलं पाणी निघून जाईल. शेवटचं तोंड मागच्या चाकाच्या पलीकडे, बाजूला आणि किंचित खाली. हौद्याच्या मध्याखाली सोडलं तर धूर हौद्यात आणि मागच्या खिडकीतून केबिनमध्ये ओढला जातो.

गळती तपासायला व्हॅक्यूम क्लीनरचा फुंकणारा नळा पाइपाच्या तोंडाला कापडानं घट्ट लावा, इंजिन बंद आणि थंड ठेवा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे दिसले तर तिथं गळतं. नंतर आणखी ५०० किमीला गाडी वर घेऊन जोडांवर काजळीची रेघ आली का आणि एक्सलच्या वर पाइपाला चकचकीत घासल्याची खूण आहे का ते बघा. खूण असेल तर पाइप न ठोकता हॅन्गर १० मिमीनं सरकवा आणि एक्सल परत बंप-स्टॉपपर्यंत दाबून मोजा.